वेणी घातलेली पिन

पाथर्डी तालुक्यात आमच्या सांगलीकडून कोणी फिरायला जात नाही. तिकडची माणसं मात्र दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडे ऊसतोडीला येतात. कारखान्याच्या माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास मोडतात. मधल्या महिन्यांत ती आमच्या दुकानात येतात, बेअरिंग, नटबोल्ट, ग्रीसचा डबा घेतात आणि जातात. ट्रॅक्टर आणि पंपाच्या सुट्या भागांचं आमचं दुकान आहे, वीस वर्षं गल्ल्यावर मीच बसते. एवढ्या वर्षांत ही माणसं कुठून येतात हे मी एकदाही विचारलं नव्हतं. यंदा मला त्यांच्या गावी जावं लागलं, कारण माझ्या बहिणीची मुलगी विमानासकट तिथल्या तुरीत पडली.

ऋचा तिचं नाव, वय बावीस. एका खासगी संस्थेत ती विमान चालवायला शिकते. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण चौकशी अजून संपलेली नाही. गावाचंही लिहीत नाही, तिथल्या एका माणसाला मी तसा शब्द दिला आहे. विमान दोन जणांचं, पण त्या दिवशी ती एकटी होती. जीव वाचला, उजव्या मांडीचं हाड मोडलं. तीन आठवड्यांनी मी निघाले ती तिला बघायला. नगरच्या पुढे जायचा बेत नव्हता.

नगर, सोमवार

बसच्या पाटीवर अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडी नगर. स्टँडवर उतरून रिक्षा केली आणि दवाखाना गाठला. माझी बहीण तीन आठवडे स्टुलावर बसून कमरेत वाकली होती. तिला जेवायला खाली पाठवलं आणि ऋचाला म्हटलं, आता पहिल्यापासून सांग, रडायचं असेल तर नंतर.

ती रडली नाही. तिनं हातानं हवेत आकृती काढून मला समजावलं. विमानाच्या शेपटीला एक आडवी फळी असते, ती वर-खाली झाली की विमानाचं नाक वर-खाली होतं. वैमानिकाच्या हातातल्या दांड्यापासून त्या फळीपर्यंत एक लांब सळई जाते. अगदी शेवटच्या सांध्यात एक बोल्ट असतो. बोल्टवर खाचांचा नट आणि नट सैल होऊ नये म्हणून आरपार घातलेली दुपायी पिन. ही रचना मला नवी नव्हती. ट्रॉलीच्या आसाला हेच असतं.

"मावशी, मी दांडा ओढला आणि हाताला काही लागलंच नाही," ती म्हणाली. "विहिरीत दोर तुटल्यावर हातात येतो ना, तसा आला."

मग तिनं बाजूचं लहान चाक फिरवून नाक थोडंथोडं सावरलं, इंजिन कमी-जास्त केलं आणि समोर दिसलं त्या रानात विमान आणलं. शेवटी नाक खाली गेलंच.

आता अडचण अशी होती. संस्थेच्या प्रशिक्षकानं तिला एक फोटो पाठवला होता. शेपटीचं आवरण फाटलेलं आणि आत तो सांधा, बोल्ट, नट, पिन सगळं जागच्या जागी. खाली लिहिलं होतं, "घाबरलीस, त्यात लाज नाही. पण जबाब लिहिताना खरं लिही." उशाशी एक कोरा जबाबाचा कागद होता. गुरुवारपर्यंत भरून द्यायचा होता. त्यावर पुढचं सगळं ठरणार होतं, तिला परत विमानात बसू देतील की नाही तेसुद्धा.

"कदाचित मी घाबरलेच असेन," ऋचा म्हणाली. "तीन आठवडे सगळे तेच सांगतायत. मलाच आता नीट आठवेना."

ते ऐकून मी फोटो मोठा करून पाहिला. पिन घातली की तिचे दोन पाय फाकवतात, एक वर, एक खाली. या पिनेचे दोन्ही पाय एकमेकांभोवती पिळून टोक आत दडपलेलं होतं. अगदी वेणी घातल्यासारखं. शिवाय पिन काळ्या लोखंडाची होती. ऋचा म्हणाली, विमानात अशी पिन चालत नाही. मी म्हटलं, चालत नाही ते दिसतंच आहे, पण इथे घातली कुणी?

चौकशी अधिकाऱ्याचा नंबर घेऊन फोन लावला. माणूस सरळ बोलला. पिन चुकीची आहे हे त्यानंही पाहिलं होतं. पण ती उड्डाणाच्या आधीच बसवलेली असेल, तर सांधा हवेत जोडलेलाच होता आणि ऋचाचं म्हणणं टिकत नाही. पडल्यानंतर बसवली असं सांगणारं कुणी असेल तर वेगळी गोष्ट. पण गावात त्यानं विचारलं तेव्हा कुणी हात लावला नाही असंच सगळे म्हणाले. बुधवारी दहा वाजता तो विमान उचलायला गावात येणार होता.

करंजी घाट ओलांडून, मंगळवार

सकाळच्या पाथर्डी बसला बसले. करंजी घाट चढेपर्यंत डोंगर उघडे, दगडी. पलीकडे उतरलं की सपाट रान, काढलेल्या बाजरीचे बुडखे, मध्येमध्ये कपाशी आणि तूर. आमच्याकडे या दिवसांत जिकडे बघाल तिकडे डोक्यावर जाणारा ऊस. इथे चार मैलांवरचं देऊळ दिसतं. तिसगावला बस थांबली तेव्हा चहा घेतला, गोड पण चांगला.

पाथर्डीहून जीप. पुढे ड्रायव्हरशेजारी तीन बाया, चौथी मी. ड्रायव्हरनं मला चुकीच्या फाट्यावर उतरवलं. एकाच नावाच्या दोन वस्त्या आहेत हे त्याला ठाऊक होतं, मला नव्हतं. दीड-दोन किलोमीटर उन्हात उलटं चालले.

सुमनताईंचं घर मात्र लगेच सापडलं. अंगणवाडी चालवतात, विमान पडलं ती तूर त्यांचीच. ऋचाला पट्ट्यातून सोडवून बाहेर काढलं तेही त्यांनीच, दोन बायांना हाताशी घेऊन. ऋचाच्या घरी फोनही त्यांनीच केला होता. त्यांनी मला पायांवर पाणी दिलं आणि ताट समोर ठेवलं. हुलग्याचे शेंगोळे, बाजरीची भाकरी, कांदा. आमच्याकडे हुलगे बैलाला घालतात, हे मी बोलून गेले.

"मंग बैल शाना हाय तुमचा," सुमनताई म्हणाल्या आणि आणखी एक पळी वाढली.

जेवताना त्यांनी त्या दिवसाचं सगळं सांगितलं. विमानाचा आवाज कसा आला, तूर कशी आडवी झाली, पोरगी शुद्धीवर होती आणि दांडा चालत नव्हता, दांडा चालत नव्हता, एवढंच म्हणत होती. पोलीस येईपर्यंत दोन तास गेले. त्या दोन तासांत विमानापाशी कोण कोण होतं, असं मी विचारलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, आख्खं गाव हुतं. मी फोटो दाखवला. फोटोकडे त्यांनी जेमतेम पाहिलं.

"हे मला इचारू नका, ताई. उद्या टोळी निघायचीय."

ऊसतोडीच्या टोळीचा आणि पिनेचा काय संबंध, ते मला तेव्हा कळलं नाही. पण संबंध आहे, एवढं कळलं.

विमान बघायला गेले. सुमनताईंनी भोवती बाभळीच्या फांद्यांचं कुंपण केलं होतं आणि आत एक होमगार्ड खुर्ची टाकून बसला होता. नाक मातीत, शेपूट वर, त्यावर निळी ताडपत्री. माझ्या मनात होतं त्यापेक्षा यंत्र फार लहान होतं. आमच्या दुकानातलं पॉवर टिलर याहून दणकट वाटेल. यात बसून तिनं हवेत हातात तुटलेला दोर धरला होता, हे तिथे उभं राहिल्यावर नीट समजलं. होमगार्ड मला कुंपणाच्या आत येऊ देईना, तेही बरोबरच होतं.

परत येताना गावातून आले. आमच्याकडे दिवाळी झाली की गाव भरलेलं असतं, इथे रिकामं व्हायला लागलं होतं. मारुतीपुढच्या पटांगणात ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या उभ्या. बाया पिठाचे डबे, पत्रे, बांबू, चुली वर चढवत होत्या. एका पाटीखाली कोंबड्या कोंडल्या होत्या. म्हाताऱ्या बाया ओट्यावर बसून कुणी काय विसरलं ते ओरडून सांगत होत्या. मी सवयीनं ट्रॉलीच्या चाकाकडे वाकून पाहिलं.

आसाच्या नटातली पिन वेणी घातलेली होती. दुसऱ्या चाकाची तशीच. जोडदांड्याची तशीच. दोन्ही ट्रॉल्यांच्या मिळून सगळ्या पिना पिळलेल्या आणि टोक आत दडपलेलं.

ट्रॉलीवर उभी राहून दोर आवळणाऱ्या बाईला मी विचारलं, या पिना कोण घालतं. ती म्हणाली, आमचे मालक, दुसरं कोन घालनार? तिचं नाव हिराबाई. तिच्या नवऱ्याचं भानुदास. टोळीचा ट्रॅक्टर तोच चालवतो आणि दुरुस्तही तोच करतो. पिळायचं कशाला, असं विचारल्यावर तिनं मला वेड्यात काढलं. उसाच्या फडात वाळकं पाचट असतं, फाकवलेल्या पायात ते अडकतं आणि चार दिवसांत पिन ओढून काढतं. पिळलेली पिन जागची हलत नाही.

"सांगलीत ऊस पिकतो आन् हे ठावं न्हाई व्हय तुमाला?" ती म्हणाली.

ठाऊक नव्हतं. मी पिना नुसत्या विकत आले होते, फडात कधी घातल्या नव्हत्या.

भानुदास ट्रॅक्टरखालून बाहेर आला. पन्नाशीचा, किडकिडीत, हात कोपरापर्यंत काळे. मी कोण ते सांगितलं आणि फोन त्याच्या हातात दिला. त्यानं फोटो पाहिला, फोन परत केला, कापडाच्या बोळ्यानं बोटं पुसली. मग म्हणाला की त्याला यातलं काही माहीत नाही.

मी तिथेच ट्रॉलीच्या दांड्यावर बसले. म्हटलं, मी पोलीस नाही. पोरीला सगळे सांगतायत की ती घाबरली, आणि परवा ती तसं लिहून देणार आहे. तो पुन्हा बोटं पुसू लागला. बोलली हिराबाई, तीही माझ्याशी नाही, नवऱ्याशी.

"तीन हप्ते झालं, जेवन जाईना तुमाला. आता इचारतंय मानूस तर सांगा. न्हाईतर माझ्यापुढं तरी उसासं टाकू नका."

मग त्यानं सांगितलं, हळूहळू, ट्रॅक्टरच्या चाकाकडे बघत. पोरीला जीपमधून नेल्यावर वारा सुटला आणि शेपटीची फळी धाडधाड आपटायला लागली. तो वर चढला. फाटलेल्या पत्र्याच्या आत सांधा सुटलेला, बोल्ट आणि नट खाली तळाशी पडलेले. त्यानं ते उचलले, जागेवर बसवले, कंबरेच्या पिशवीतली एक पिन घातली आणि पिळली. ऊसतोडीच्या वाटेवर अनोळखी माणसाची ट्रॉली मोडून पडली तरी येणारा-जाणारा उतरतो, पडलेले नटबोल्ट गोळा करतो आणि सापडतील तेवढे जागेवर लावून ठेवतो, म्हणजे मालकाला रानात शोधत बसावं लागत नाही. त्यानं तेच केलं होतं. संध्याकाळी पोलीस पाटलानं दवंडी दिली की विमानाला कुणी हात लावला असेल त्याच्यावर केस होईल, आणि तेव्हापासून तो गप्प होता. गावही गप्प होतं. टोळीत बावीस माणसं आणि भरल्या ट्रॉल्या रस्त्यानं नेणारा एकच. त्याला पोलिसांनी बसवून घेतलं, तर बावीस माणसांचा हंगाम या पटांगणातच संपला असता.

उद्या दहाला अधिकारी येतो आहे, त्याला हे सांगाल का, मी विचारलं.

"दहालाच नारळ फुटतो, ताई," तो म्हणाला. "नारळ फुटला की चाक थांबत न्हाई. आजवर थांबलं न्हाई."

एक तास उशिरा फोडा म्हटलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. वेळ देवऋषीनं काढून दिलेली होती आणि टोळीतल्या कुणालाही ती बदलायची नव्हती. मी आणखी आग्रह केला नाही. आग्रह करून नेलेला साक्षीदार ऐनवेळी शब्द फिरवतो. एवढंच म्हटलं, केस होणार नाही असं मी सांगू शकत नाही, गावाचं नाव मात्र माझ्याकडून कुठे जाणार नाही.

तुरीचं रान, बुधवार

साडेनऊलाच रानात जाऊन उभी राहिले. अधिकारी दहाला दहा कमी असतानाच आला, सोबत उचलायची गाडी आणि चार माणसं. चाळिशीतला, सडसडीत, बुटांची फार काळजी करणारा. त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, मला ऐकून चालत नाही, तो माणूस पाहिजे. काल घेतलेला नंबर लावला तर भानुदासचा फोन बंद.

तेवढ्यात गावाच्या बाजूनं ट्रॅक्टरचा आवाज आला. तो मोठा होत हमरस्त्याकडे गेला. आम्ही सगळे ऐकत होतो. सुमनताई माझ्याकडे बघेनात. अधिकाऱ्यानं माणसांना ताडपत्री काढायला सांगितली. एकदा साखळ्या लागल्या, विमान संस्थेच्या शेडमध्ये गेलं, की त्या पिनेबद्दल कोण काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं, एवढंच आमच्या हातात राहणार होतं. मी त्याला पाच मिनिटं थांबायला सांगितलं. का थांबायचं, हे मला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

आवाज कमी व्हायचा थांबला. मग पुन्हा वाढू लागला.

बांधावरून ट्रॅक्टर रानात शिरला. मागे दोन्ही ट्रॉल्या, त्यांवर बिऱ्हाडं, बिऱ्हाडांवर माणसं, सगळ्यात वर हिराबाई आणि कोंबड्यांची पाटी. ट्रॅक्टरच्या नाकाला ओला नारळ आणि हळद-कुंकू. तो कुंपणापाशी आला, पण थांबला नाही. भानुदास उतरला तेव्हा पुढे-मागे करण्यापुरतंच येणारा एक पोरगा चढून त्याच्या जागी बसला आणि ट्रॅक्टर दोन हात पुढे, दोन हात मागे करत राहिला. चाक थांबवलं नव्हतं.

त्यामुळे तो जबाब ओरडून झाला. अधिकारी ओरडून विचारी, भानुदास ओरडून सांगे, आणि ट्रॉलीवरची सगळी माणसं ऐकत होती. आदल्या संध्याकाळी मला सांगितलं तेच त्यानं सांगितलं. अधिकाऱ्यानं त्याला एका सुट्या बोल्टात दुसरी पिन घालून पिळून दाखवायला लावलं. त्याला चार सेकंद लागले. ती सांध्यातल्या पिनेशेजारी धरून अधिकाऱ्यानं फोटो काढले आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. सांधा सुटलेला होता, बोल्ट व नट तळाशी मिळाले, मूळ पिन उड्डाणात तुटून पडली असावी.

ते ऐकून माझा जीव अर्धा भांड्यात पडला होता. पिन तुटली तर तुटली, सांधा सुटला होता एवढं पुरे. पण भानुदास हात हलवत पुढे झाला.

"तुटली न्हाई, सायेब. पिन न्हवतीच."

अधिकारी म्हणाला, ते तुला कसं कळणार?

"बोल्ट नवा हुता. नव्या बोल्टाला पिवळा रंग येतो ना, गंजू नये म्हनून, त्या रंगानं पिनंचं भोक बुजलेलं हुतं. माझी पिन जाईना. तारंनं टोकरून भोक मोकळं केलं, मंग गेली. पिन एकदा जरी गेली असती तरी भोक तसं राहतं व्हय?"

अधिकाऱ्यानं या वेळी बुटांची पर्वा न करता पुन्हा शेपटीपर्यंत वर चढून बॅटरीनं सांध्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मलाही वर बोलावून दाखवलं. वेणीच्या मुळाशी, भोकाच्या काठाला, नखाएवढी पिवळी कड अजून चिकटून होती. बोल्ट बदलणाऱ्यानं नट आवळला होता आणि पिन घालायची विसरला होता. वीस वर्षं हा माल विकत असूनही ते भोक बघायचं मला सुचलं नव्हतं.

आधीचं वाक्य खोडून अधिकाऱ्यानं नवं लिहिलं. भानुदासनं सही केली, नावातलं प्रत्येक अक्षर सुटं. अधिकाऱ्यानं त्याला सांगितलं की हात लावायला नको होता, आणि हे मला लिहावं लागेल. पुन्हा बोलवावं लागेल तर कुठे सापडशील, असंही विचारलं. भानुदासनं कर्नाटकच्या सीमेपलीकडच्या एका कारखान्याचं नाव सांगितलं. वरून हिराबाई ओरडली की बोलवा खुशाल, पण गाडी भरलेली असली तर ते काही यायचे नाहीत. ट्रॉलीवर सगळे हसले. अधिकारीही थोडा हसला.

मी भानुदासला काही म्हणायच्या आत तो सीटवर चढला होता. ट्रॉल्या वळताना तुरीची आणखी एक ओळ आडवी झाली आणि सुमनताईंनी त्याला दोन शिव्या हासडल्या.

धूळ बसल्यावर मी ऋचाला फोन केला. बोल्ट तळाशी पडला होता, पिन कधी घातलीच नव्हती, हे अधिकाऱ्यानं स्वतः पाहून लिहिलं आहे, एवढं क्रमानं सांगितलं. निकाल यायला महिने लागतील, हेही सांगितलं. मग तिनं विचारलं, "म्हणजे मी घाबरले नव्हते?"

"घाबरली असशील," मी म्हटलं. "पण तू दांडा ओढलास तेव्हा पलीकडे काही नव्हतं. पुढे त्या लहान चाकावर खाली आणलंस ते तू आणलंस."

पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज झाला. मग ऋचाचा आवाज आला, फोनकडे तोंड नसल्यासारखा, लांबून.

"आई, तो जबाबाचा कागद दे. आणि मला नीट उठवून बसव."